उजवी मूठ बदलण्यास हरकत

विषय : मोटारसायकलची उजवी मूठ काढून टाकण्यास हरकत.
संदर्भ : चिरंजीव विश्वासराव यांचा तोंडी हुकूम, खंडेनवमीच्या आदल्या दिवशीचा.

मी ती उजवी मूठ बोलतेय. दुकानदार मला ग्रिप म्हणतात. गाडीचा वेग माझ्याकडे असतो, म्हणून डावीपेक्षा मी लवकर झिजते. हा अहंकार असेल, तर कमावलेला आहे.

माझा जन्म बडोद्याच्या गोरव्यातल्या रबर कारखान्याचा. तापल्या साच्यातून निघाले तेव्हा अंगभर बारीक नक्षी होती. शेजारच्या कारखान्यात प्रतापराव लेथवर होते. त्यांनी मला विकत घेतलं आणि पंक्चरचं सोल्यूशन लावून गाडीला पक्कं बसवलं. माझ्याआधीची मूठ एका हिसक्यात निघाली होती. तिचा तो मवाळपणा मला तेव्हाच आवडला नाही.

प्रतापरावांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. घोडे गेले, संस्थान गेलं, बडोदं गुजरातेत गेलं. ऐट तेवढी नागरवाड्यातल्या या घरातून हलली नाही. निवृत्तीनंतरही ते रोज सकाळी मला पिळत शहराच्या टोकाला गोत्रीपर्यंत जात. गोत्रीला त्यांचं काम काहीच नव्हतं. काम नसताना जायला मिळावं म्हणूनच माणूस निवृत्त होतो.

गेल्या श्रावणात गाय आडवी आली. गाडी पडली, मी डांबरावर घासले, प्रतापरावांचं कोपर सोलवटलं. मुलाने, म्हणजे बँकेतल्या विश्वासरावांनी, गाडी विकायचं ठरवलं. गायीला कोणी काही बोललं नाही.

जिग्नेशभाई नावाचं गिऱ्हाईक आलं. गाडीभोवती फिरून त्याने मला अंगठ्याने दाबलं.

"बधुं सरस छे, विश्वासभाई. पण आ ग्रिप तो साव गई. नवी नाखो, एटले सोदो पाको."

म्हणजे माझ्या जागी नवी आली की सौदा पक्का आणि गाडी गेली, आणि गाडी गेली की प्रतापराव गॅलरीतल्या खुर्चीत बसले. कायमचे.

विश्वासराव नव्या मुठींची जोडी घेऊन आले. साबणाचं पाणी सोडलं, पिळलं, ओढलं, शेवटी गुडघा टेकवून ओढलं. मी हलले नाही.

"उद्या चाकूने कापतोच," ते हात चोळत म्हणाले.

प्रतापरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. उद्या खंडेनवमी होती.

सकाळी देवघरात पणजोबांच्या तलवारीशेजारी चाकू, कात्री, पाने, पकड, दाढीचं ब्लेड, सगळं गंधफूल लावून मांडलेलं होतं. विळीसुद्धा.

"आबा, भाजी कशाने चिरू?" सूनबाई नलिनीने विचारलं.

"आज हत्यारांना सुट्टी. पिठलं टाक."

"आणि माझी दाढी?" विश्वासराव.

"वाढव. पणजोबांना होती."

"बरं, उद्या तर पूजा उठेल ना?"

"घरातल्या वडीलधाऱ्याने उठवली की उठेल. वडीलधारा कोण?"

"तुम्ही."

"मग झालं."

नलिनी पदर तोंडाला लावून आत गेली.

दसऱ्याला मला झेंडू बांधून प्रतापराव सीमोल्लंघनाला निघाले, थेट गोत्रीला. सौद्यासाठी दारात आलेल्या जिग्नेशभाईच्या हातावर आपट्याचं पान ठेवून म्हणाले, "सोनं घ्या. गाडी मी चालवतोय." वाटेत एक गाय भेटली. आम्ही ब्रेक दाबला, ती गेली, आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी विश्वासरावांनी बाजारातून नवा कटर आणला. प्रतापरावांनी तो हातातून काढून घेतला, गंध लावलं आणि देवघरात ठेवला. "नवं हत्यार पूजेशिवाय वापरायचं नसतं." बँकेत भल्याभल्यांची कर्जं नामंजूर करणारा माणूस, पण पूजेतल्या चाकूला हात लावायची त्याची छाती नाही.

माझी नक्षी पुसली आहे, एका बाजूचा लचका गेला आहे, पावसात मी चिकटते. हे सगळं मान्य. त्या तळहाताच्या खळग्यात मात्र मी बरोबर बसते, आणि जोवर तो हात येतोय तोवर मी सुटणार नाही. कोणाला ओढून पाहायचं असेल त्याने पाहावं.

दिवाळी तोंडावर आली आहे. देवघरातले झेंडू वाळले. विळी परत मिळावी, हा नलिनीताईंचा अर्ज दसऱ्याच्याच संध्याकाळी मंजूर झाला. चाकू मिळावा, हा विश्वासरावांचा अर्ज आबांकडे प्रलंबित आहे.