बाभळीतले चेंडू

अजीमला वाटायचं, गोल्फमधलं आपल्याला सगळं कळतं. पुण्यात बावीस वर्षं त्यानं साहेबलोकांच्या पिशव्या वाहिल्या होत्या, तेव्हा तसं वाटणं साहजिकच होतं. जतला परतल्यावर गावाबाहेरच्या माळावर त्यानं एक झेंडी रोवली आणि साहेबांनी दिलेल्या जुन्या क्लबांवर, म्हणजे गोल्फच्या काठ्यांवर, मुलीला, नूरीनला, शिकवायला घेतलं.

नूरीनचा फटका लांब जाई, पण उजवीकडं. झेंडी समोर आणि चेंडू बाभळीत. पुण्याच्या अकादमीची निवड रविवारवर आली होती. यंदा हुकलं तर पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हती, म्हणजे विषयच संपला.

"क्लबचं तोंड उघडं ऱ्हातंय, म्हणून चेंडू उजवीकडं जातोय," अजीम तिच्या खांद्याशी उभा राहून सांगायचा. "आवळून धर." ती आवळायची आणि चेंडू आणखी आत बाभळीत जायचा. हा बादली घेऊन काट्यांतून चेंडू वेचून आणायचा आणि म्हणायचा, "अजून घट्ट."

बुधवारी घरी शेजारच्या लग्नासाठी बांगड्या भरणं चाललं होतं. अजीमची आई अख्तरबी चाळीस वर्षं गावातल्या बायकांना बांगड्या भरत आलेली. नातीच्या हातात दोन बांगड्या अलगद चढल्या. तेवढ्यात अजीम आत आला. "रविवारी पयला फटका..." त्यानं सुरुवात केली, आणि तिसरी बांगडी पिचकली.

"अजीम, जरा भायेर बस," अख्तरबी म्हणाली.

तो पायरीवर जाऊन बसला. उरलेल्या बांगड्या भरून झाल्यावर ती बाहेर आली.

"हात आवळला की बांगडी पिचकती. म्हणून आमी आदी बाईला बोलतं करतो, हात सैल पडू देतो. तू आलास की पोरगी मूठ आवळती. घट्ट मुठीत मनगट फिरत न्हाई रं. मग तुज्या त्या क्लबाचं तोंड कसं फिरंल?"

अजीमला राग आला. आईनं आयुष्यात क्लब हातात धरला नव्हता. पण मग त्याला आठवलं, चांगले खेळणारे साहेब फटक्याआधी मनगटं झटकून सैल करायचे. पिशवी वाहणाऱ्याचं काम चेंडू कुठं पडतो ते बघायचं. हातांकडं त्यानं नीट कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माळावर तो एवढंच म्हणाला, "तुला जमंल तसं सैल धर." आणि बादली घेऊन लांब बाभळीशी जाऊन उभा राहिला.

पहिला चेंडू सवयीनं त्याच्याकडंच आला. दुसरा बाभळीच्या अलीकडं पडला. त्यानंतर नुसतेच फटक्यांचे आवाज येत राहिले आणि बादलीत तो एकच चेंडू राहिला. अजीमला आनंद झाला, आणि लागलंही फार. इतके दिवस पोरीच्या आड तोच उभा होता.

झेंडीभोवतालचे चेंडू वेचून तो तिच्याकडं आला. "रविवारी मी अकादमीच्या गेटाभायेर थांबतो."

नूरीननं क्लब पुसून पिशवीत ठेवला.

"गेटापतूर तरी पिशवी तुमीच घ्या, अब्बा," ती म्हणाली.