आंजेन्यू

आमच्या नाटक कंपनीत एक फ्रेंच शब्द आहे, आंजेन्यू. भोळी, निष्पाप, जगाची हवा न लागलेली तरुण मुलगी म्हणजे आंजेन्यू. आणि रंगमंचावर तिचं काम करणारी नटीही आंजेन्यूच. जुन्या दिग्दर्शकाने तो आणला. तो गेला, शब्द राहिला. आता पडदा ओढणारासुद्धा रुबाबात विचारतो, "आंजेन्यूच्या झग्याला इस्त्री झाली का?"

कपडेपट माझ्याकडे आहे, आणि तो झगा एकोणीस वर्षं एकाच बाईच्या अंगावर चढतोय. ती मला मावशी म्हणते. आता बेचाळिशीची झाली. दर हंगामाआधी कमरेचं माप घेताना मी तोंडाने सव्वीस म्हणायची, वहीत खरा आकडा लिहायची. ती घरी गेली की शिवणीत ठेवलेली माया उसवून झगा सैल करायची. मायाही संपली तेव्हा दोन्ही कुशींना पट्ट्या जोडल्या, तिला पत्ता लागू न देता. मला माझ्या हाताचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

सोमवारी नव्या दिग्दर्शकाने मला बोलावलं. "या वेळी आंजेन्यू दुसरी. बाई नाटकातल्या आत्याचं काम करतील. मावशी, तुम्हीच सांगा त्यांना, तुमचं ऐकतील."

स्वतःची छाती होत नाही म्हणून म्हातारीला पुढे करायचं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पोरगी खचली तर निदान माझ्यासमोर खचू दे, म्हणून हो म्हटलं. तीन दिवस शब्द जुळवत होते.

गुरुवारी ती आली. मी दार लावलं, स्टूल पुढे केलं.

"बस. तुझ्याशी बोलायचंय."

"आधी माप घे."

मी कमरेभोवती टेप फिरवली आणि सवयीने म्हणाले, "सव्वीस."

"तेहतीस," ती म्हणाली. "माझ्या घरी आरसा आहे, मावशी. टेपही आहे."

कसंबसं विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"तुझ्या पहिल्या खोट्यापासून. पण सव्वीस म्हणताना तू इतकी खूश व्हायचीस, की तुझं मन मोडवेना."

"मग मी जे सांगणार होते…"

"आत्याचं काम मीच मागून घेतलं. तुला सांगायचं माझ्याच्याने होईना. म्हणून त्यांना म्हटलं, मावशीलाच मला सांगायला लावा. मला सावरायचं म्हटलं की तू धीराने घेतेस. एरवी रडत बसली असतीस."

"मी कशाला रडू?" असं म्हणाले आणि साठीची बाई मी, लहान पोरीसारखी रडले.

"तुला नाही वाईट वाटत?" मी विचारलं.

"फार वाटतंय," ती म्हणाली.

तिने पदराने माझे डोळे पुसले. मग स्वतःचे.