ओल्या पावलांचा शेवट

“हा सरळसरळ खून आहे, काका!”

वाचनालयाचं दार पुरतं उघडलंही नव्हतं, तोवर दिनानाथ आत. रविवारची सकाळ. सावेकाकांच्या एका हातात कुलूप, दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि नाकात कालपासून अडकून बसलेली शिंक.

“कोणाचा?” काकांनी विचारलं.

“कादंबरीचा!”

“मग ठीक आहे,” काका म्हणाले, आणि खुर्चीवर बसले. बावीस वर्षं ते बोईसरच्या या दीड खोलीच्या वाचनालयात बसत होते, आणि हल्ली बसण्यात आपण फार तरबेज झालोय असं त्यांना वाटायचं. उठणं मात्र जमत नव्हतं.

दिनानाथ साताऱ्याचा. तारापूरला अणुशक्तीचं काम निघालं तेव्हा स्टोअरचा कारकून म्हणून आला. त्याच्यामागून आत आलेला रामकिसन परभणीकडचा, फिटर. दोघांनी काल स्टेशनामागच्या तंबूत लागलेला नवा सिनेमा बघितला होता. ‘ओल्या पावलांचा बंगला’. तीस वर्षांपूर्वीच्या त्या भयकादंबरीवर अखेर कुणीतरी सिनेमा काढला, म्हणून दोघं पगाराच्या दिवसापेक्षा जास्त आनंदानं गेले होते.

“आता बगा,” रामकिसन म्हणाला, “बाई विहिरीत बुडून मेली. बरं. भूत झाली. तेबी बरं. पन ती भूत होडीत बसून गानं म्हन्ती वो! पान्यात मेलेली बाई पुन्हा पान्यावर कशाला जाईल?”

“तीन गाणी,” दिनानाथनं बोटं दाखवली. “आणि ती दाराशी येते तो प्रसंग! अंगावर काटा यायला पाहिजे. तर खाडीवरनं असा वारा सुटला की पडदाच फुगला. भुतीण आठव्या महिन्यातली दिसायला लागली. बायका ‘अगं बाई, सांभाळून’ म्हणून ओरडल्या.”

कोपऱ्यात झाडू मारणारी साखरबाई फिसकन हसली. “मी पन व्हते तिथं. यी भूतीण नुसती किंकालते. आपल्या काकांची भूतीण बरी.”

“ते सगळं माफ,” दिनानाथ म्हणाला. “पण शेवट! शेवट बदलला हो त्यांनी. बंगला जळतो काय, भुतीण ज्वाळांत हसते काय, आणि तो बंगला तर धडधडीत बुटाच्या खोक्याचा! मूळ शेवट कुठं गेला?”

सावेकाकांची शिंक तेवढ्यात आली. त्यांनी ती लांबवली.

कारण मूळ शेवट कुठं गेला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो एका म्हशीच्या पोटात गेला होता.

नऊ वर्षांपूर्वी वाचनालयाची दोन पुस्तकं फार खिळखिळी झाली, म्हणून काकांनी ती पालघरच्या बाइंडरकडे दिली. एक ‘ओल्या पावलांचा बंगला’, दुसरं ‘दुभत्या जनावरांची निगा’. बाइंडरनं दोन्ही एकाच दिवशी उसवली आणि एकाच दिवशी शिवली. परत आली तेव्हा कादंबरीचा नायक रात्री दाराची कडी काढायचा, पान उलटलं की ‘वासराला जंत झाल्यास प्रथम त्याची शेपटी तपासावी’. कादंबरीची शेवटची सोळा पानं दुसऱ्या पुस्तकात गेली होती. ते पुस्तक पाम गावचा एक शेतकरी घेऊन गेला, गोठ्यात ठेवून जेवायला बसला, आणि हात धुऊन येईपर्यंत म्हशीनं ते संपवलं. तेव्हापासून बोईसर-तारापूर भागात कादंबरीचा शेवट फक्त तिला माहीत होता.

दुसरी प्रत मागवायची, तर कादंबरी केव्हाच छापायची बंद झाली होती. पहिला वाचक जंतांपाशी अडखळून टेबलाशी आला आणि म्हणाला, “पुढं काय होतं?” काकांनी कादंबरी वाचलीच नव्हती. त्यांना भुतांची भीती वाटायची. पण पुस्तकं सांभाळणाऱ्यानंच ‘ठाऊक नाही’ कसं म्हणायचं? त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि तेवढ्या वेळात जे सुचलं ते सांगितलं.

नायक दार उघडतो. ती उभी असते. पायांवरून पाणी निथळतंय. तो थरथरतोय. आणि ती म्हणते, “पाय पुसायला काही मिळेल का?” तो खांद्यावरचा पंचा देतो. ती पाय पुसते, पंच्याची घडी करून परत देते, आणि निघून जाते. संपलं.

तो वाचक दुसऱ्या दिवशी दोघा मित्रांना घेऊन आला. प्रकल्पावर माणसं वाढली तसे ऐकणारेही वाढले. कामावरून सुटल्यावर खोलीत जाऊन करायचं काय? लोक जंतांपर्यंत वाचायचे आणि रांगेनं काकांकडे यायचे. काका चष्मा काढायचे. ‘निघून गेली’ म्हणताना कुठं थांबायचं, हे त्यांना हळूहळू कळत गेलं होतं.

सुचलं कुठून, याचा त्यांनी कधी फार विचार केला नाही. तेव्हा त्यांच्या पत्नी पारूबाई होत्या. विहिरीवरून हंडे घेऊन यायच्या आणि दारातच खोळंबायच्या, कारण घरभर चिकटवायला आणलेली पुस्तकं पसरलेली असायची आणि काका आतून ओरडायचे, “थांब, पाय ओले आहेत!” चार वर्षांपूर्वी त्या गेल्या. आता घर अगदी कोरडं असतं.

“काका, तुम्ही ऐकताय ना?” दिनानाथ म्हणत होता. “सिनेमाच्या कंपनीला पत्र लिहायचं. खाली वाचकांच्या सह्या. म्हणावं, मेलेल्या लेखकाची तरी लाज बाळगा.”

एवढ्यात दाराशी चपला काढल्याचा आवाज झाला. दवाखान्यात नवीन आलेली नर्स, पुष्पलता. महिनाभरापूर्वी नाशिकहून आली होती. एकटीच राहायची. दर रविवारी पुस्तक बदलायला यायची आणि गरज नसताना अर्धा तास कपाटासमोर उभी राहायची.

“तुम्ही कालच्या सिनेमाबद्दल बोलताय?” तिनं उत्साहानं विचारलं. “मीपण गेले होते! गाणी सोडली तर अगदी पुस्तकासारखा आहे, नाही? शेवटी बंगला जळतो ते तर शब्दन्‌शब्द.”

“सिस्टर,” रामकिसन सावकाश म्हणाला, “तुमी कोन्तं पुस्तक वाचलं?”

“हेच की. नाशिकला. दोनदा.”

“दोनदा वाचून बंगला जळाला?” दिनानाथ हसला. “मग तिसऱ्यांदा वाचू नका, नाशिक जळेल!”

रामकिसननं मांडीवर थाप मारली. “सिस्टरनं सिनेमा बघितला आन् पुस्तक वाचलं म्हन्त्यात. आमच्याकडं बी एक हाय असा. रामायन तमाशात बघून आला, आन् आता कीर्तनकाराला चुका दाखवतोय.”

पुष्पलताचा चेहरा लाल झाला. “मी खोटं कशाला बोलू?”

“खोटं नाही हो, ताप असेल. ड्यूटी जास्त होते तुम्हाला,” दिनानाथ म्हणाला.

तिनं हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं. “काका, हे जमा करून घ्या. आणि माझं नाव कमी करा. इथं काही मी परत येत नाही.”

सावेकाकांनी पुस्तक उचललं नाही. हे सगळं आता गप्प राहून निभावता येईल, हे त्यांना दिसत होतं. ती जाईल, पत्र जाईल, शेवट राहील. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी केली होती. पण पोरगी दाराकडे वळली होती, आणि चपला घालताना तिची पावलं चुकत होती.

“थांबा,” ते म्हणाले. “बाई बरोबर बोलतायत. पुस्तकात बंगला जळत असणार. मी जो सांगतो तो शेवट माझा आहे. मी बनवला.”

दिनानाथ त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं रामकिसनकडे बघितलं. मग दोघंही हसले, आणि हसताना प्रेमानंच हसले.

“काका, तुमचं मन फार मोठं आहे. पण बाईची बाजू घ्यायला एवढं?”

“खरंच सांगतोय.”

“तुम्ही उभ्या जन्मात एक ओळ तरी लिहिलीत का?”

“भिंतीवरची सूचना मीच लिहिली,” काका म्हणाले.

दिनानाथनं मोठ्यानं वाचली. “‘पानं थुंकी लावून उलटू नयेत.’ हे लिहिणारा माणूस तो शेवट लिहील? त्याला प्रतिभा लागते काका, प्रतिभा!”

“मना ठावं हाय,” साखरबाई झाडूवर टेकून म्हणाली. “यो शेवट काकांचाच. पारूबाय अशीच दारात उबी ऱ्हायाची, पाय वले म्हनून.”

“साखरबाई, तुला वाचता येतं?”

“नाय.”

“मग राहू दे.”

साखरबाई पुन्हा झाडायला लागली, या वेळी मुद्दाम दिनानाथच्या पायांवरून.

पुष्पलता मात्र परत आत आली. बाकावर बसली आणि काकांकडे बघून म्हणाली, “मला तो शेवट माहीत नाही.”

“आत्ता कळेलच!” दिनानाथनं कागद पुढं सरकवले. “काका, अक्षर तुमचं चांगलं. मूळ शेवट जसाच्या तसा लिहून द्या, पत्राला जोडू. खाली लेखकाचं नाव. म्हणजे कंपनीची बोलती बंद.”

काकांना नाही म्हणायचं होतं. पण त्यालाही ताकद लागते. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि लिहायला लागले. नऊ वर्षं तोंडानं सांगितलेलं पहिल्यांदाच कागदावर उतरत होतं. दार, पाणी, पंचा. दिनानाथ खांद्यावरून एकेक ओळ वाचून पुष्पलताला ऐकवत होता, आणि ती मांडीवर हात ठेवून ऐकत होती.

‘तिनं पाय पुसले, पंच्याची घडी करून परत दिली, आणि’

इथं टाक थांबला. मग काकांनी लिहिलं, ‘आत येऊन टेकली.’

“टेकली?” दिनानाथ दचकला. “काका, ती निघून जाते!”

“दमली असेल.”

“असेल हो! पण मुळात तसं नाही. लेखकाच्या शब्दाला हात लावायचा नाही, त्याच्यासाठीच तर भांडतोय आपण.”

“बराबर हाय,” रामकिसन म्हणाला. “ती जातीच. मी तीनदा ऐकलंय.”

“बसू द्या ना तिला,” पुष्पलता हळूच म्हणाली.

“सिस्टर, तुम्ही मधे पडू नका. तुम्हाला पुस्तक माहीत नाही.”

सावेकाकांनी खणातून लाकडी पट्टी काढली, त्या तीन शब्दांवर ठेवली आणि एक सरळ रेघ मारली. तिच्या खाली, गोल आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘निघून गेली.’

त्यांनी शाई वाळू दिली. मग लेखकाचं नाव घालायला त्यांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला.