जांभयांची मोजणी

वाजवणाऱ्या माणसाला या शहरात काम मिळत नाही, हे मला निघायच्या आधीच सगळ्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आमच्या घरात सांगण्याची पद्धत आहे, ऐकण्याची नाही.

जवळजवळ सहा महिने मी क्लॅरिनेटची पेटी खांद्याला अडकवून ताईच्या घरातून रोज बाहेर पडत होते. इथल्या हॉटेलांत भिंतीच गातात. दुकानात शिरलं की दुकान तुमचा चेहरा बघून गाणं लावतं. माझा चेहरा बघून कायम काहीतरी रडकंच लागायचं. शिकवण्या कराव्यात, तर मुलांना शिकवायला एक यंत्र आहे आणि ते कधीच चिडत नाही. मी चिडते.

कलाकाराचा परवाना सहा महिन्यांचा. तेवढ्यात कलेचं काम मिळालं नाही, तर शहर दुसरं काम नेमून देतं आणि मग त्यातून सुटका नाही. माझ्या नावापुढे गच्चीवरच्या शेतात पालक खुडण्याचं काम आधीच लिहून ठेवलं होतं. पालकाशी माझं वैर नाही. पण अकरा वर्षं फुंकून फुंकून गाल दुखवले ते पालकासाठी नव्हेत.

नऊ दिवस उरले असताना बोलावणं आलं, ते चक्क एका लिफ्ट कंपनीकडून.

"एकशे ऐंशी मजले," लिफ्टच्या प्रमुख बाई म्हणाल्या. "लिफ्ट तीन मिनिटांत वर पोचते. लोकांच्या कानांत दडे बसतात. वर उतरले की एकमेकांशी ओरडून बोलतात, मग भांडणं होतात. जांभई आली की दडे सुटतात. तुम्ही जांभया आणायच्या."

"मी?"

"सगळं करून बघितलं हो. चघळायला गोळ्या दिल्या, त्या लोकांनी कठड्याला चिकटवल्या. 'तोंड उघडा' अशी पाटी लावली, सगळे आ वासून उभे राहिले आणि दडे तसेच. जांभई आतून यावी लागते. ती जिवंत माणसाकडूनच लागते, यंत्राकडून नाही."

"म्हणजे माझं वाजवणं ऐकून लोक कंटाळले पाहिजेत."

"दहांतले आठ. शुक्रवारी चारच्या फेरीला मोजणी. जमलं तर कायम."

गरजवंताला अक्कल नसते. मी हो म्हटलं.

रात्री जेवताना भावोजी म्हणाले, "चला, शेवटी तुझ्या गुणांचं चीज झालं. आमच्या लग्नात वाजवलंस तेव्हाच मी ओळखलं होतं." ताईने त्यांना टेबलाखालून लाथ मारली. चुकून मला लागली.

सोमवारी मी माझी सगळ्यात संथ, सगळ्यात आवडती धून वाजवली. एक गृहस्थ कानातलं यंत्र काढून ऐकत राहिले, डोळे पुसत बाहेर पडले आणि कान दुखतात म्हणून थेट तक्रार करून आले. जांभया दोन. मंगळवारी मला मेख कळली. अगदी खालचा सूर धरायचा, लांबवायचा आणि शेवटी हात टेकल्यासारखा सोडून द्यायचा. तोंडात वाद्य असल्यामुळे मला स्वतःला जांभई देता येईना, मग भुवया वर न्यायच्या आणि नाकपुड्या फुगवायच्या. गुरुवारी दहांतल्या नऊ जणांनी आ केला. मला आनंद झाला आणि लाजही वाटली. लाज जास्त.

शुक्रवारी चारच्या फेरीला नऊ जण आत आले आणि दहावे मास्तर.

माझे मास्तर. गावाकडे अकरा वर्षं मी त्यांच्याकडे शिकले. मी कितीही जीव ओतून वाजवलं तरी त्यांच्या तोंडून 'चांगलं' हा शब्द कधी बाहेर पडला नाही. फारच खूश झाले तर म्हणायचे, "पुढचं वाजव." ते इथे मुलाकडे राहायला आलेत, हे मला माहीतच नव्हतं.

"तू इथे?"

"काम करते, मास्तर."

त्यांनी माझ्या छातीवरचा 'चाचणी' असा बिल्ला वाचला. मग चष्मा सारखा करून दारावरचा फलक वाचला: जांभया शून्य, हव्यात आठ. दार बंद झालं.

क्षणभर वाटलं, खड्ड्यात गेली नोकरी, आज मास्तरांसाठी वाजवावं. पण समोरच्या आजींनी आत्ताच दोन्ही कान दाबून धरले होते. मी खालचा सूर लावला. फक्त मास्तरांसमोर तो हात टेकल्यासारखा सोडवेना. प्रत्येक सूर शेवटपर्यंत नीट नेला.

आजींनी जांभई दिली. मग एकाकडून दुसऱ्याला लागत गेली. दीडशेव्या मजल्याला फलकावर सात. उरले तिघं: उभ्या उभ्या झोपलेला एक माणूस, नखं बघणारी एक मुलगी आणि मास्तर. ते डोळे मिटून काठीवर बोट आपटत होते. एकशे सत्तर. मी शेवटचा सूर धरला, डोळ्यांसमोर पालक.

मास्तरांनी डोळे उघडले, फलकाकडे बघितलं आणि जबडा असा फाकवला की दोन्ही कवळ्या दिसल्या. वर हात ताणून आळोखेपिळोखेही दिले.

आठ.

दार उघडलं. छतातून बाईंचा आवाज आला, "सोमवारी आठ वाजता या. कायम." मी हसले, पण आत कुठेतरी खुपलं. अकरा वर्षं ज्यांच्याकडे शिकले, ते मला ऐकून कंटाळले.

मास्तर माझ्याजवळ आले आणि गच्च भरलेल्या त्या मजल्यावर जोरात ओरडले:

"चांगलं वाजवलंस!"

माणसं वळून बघायला लागली. बाकीचे प्रवासी हळू आवाजात बोलत निघून जात होते. मास्तरांनी एका कानात बोट घालून हलवलं, डोकं झटकलं.

"मास्तर, हळू," मी म्हटलं.

"काय?" ते ओरडले. "दडे बसलेत! ऐकू येत नाही!"

माझे डोळे भरून आले. मीही माझा कान पुढे केला आणि जितकं मोठ्यानं ओरडता येईल तितकं ओरडले, "मलाही नीट ऐकू आलं नाही! पुन्हा सांगा!"