जिवल्याचे वजन

अर्चनाने अंगठा आणि तर्जनी जिवल्याच्या मानेमागच्या सैल कातडीवर ठेवली, उरलेल्या बोटांनी त्याचे धड तळहाताशी दाबले आणि बिनसुईच्या सिरिंजचे टोक त्याच्या दातांच्या बाजूने आत सरकवले. औषध पोटात गेले. पांढरा उंदीर शिंकला. त्याच्या छातीतून बारीक, ओलसर खरखर ऐकू आली आणि डोळ्यांच्या कडांना लाल ओघळ दिसला.

दारात मासळीची टोपली टेकवून बसलेली रत्नाबाई मान उंचावून पाहत होती.

"ताई, ह्याच्या डोल्यांतून रगत येते हाय."

"रक्त नाही ते. उंदीर आजारी पडला की डोळ्यांतून असं लाल रंगद्रव्य येतं. ओल्या कापसाने पुसलं की जातं."

"तुमाला ठाव. आमचे घरी असता तर मांजरीने कदीच निकाल लावला असता." तिने वाटीभर सुका जवळा कागदावर ओतला. "हा त्याचा. माज्या दिराचं नाव दिलंय त्याला, उपाशी कसा ठेवू? तोपण असाच, खायाचं नि लोलायचं."

आत खुर्चीवर बसलेले तिचे सासरे खंडेराव हसले. हसता हसता त्यांना खोकला आला आणि तो थांबायला वेळ लागला.

उंदीर अर्चनाचा नव्हता. तिच्या मुलीने, स्वराने, तो हट्टाने आणला होता आणि नाशिकच्या वसतिगृहात जाताना घरी ठेवून ती निघून गेली होती. ती फोन करी तेव्हा पहिला प्रश्न जिवल्याबद्दल असे. अर्चना औद्योगिक वसाहतीतल्या एका तपासणी प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात काम करी. तिथे उंदरांच्या शेपटीवर क्रमांक असत, नावे नसत. कीटकनाशकाची मात्रा, वजन, श्वास, हालचाल यांची नोंद होई आणि एका ठरलेल्या मर्यादेपलीकडे प्राण्याला त्रास देत बसायचे नाही, हा नियम ती वर्षानुवर्षे पाळत आली होती. तिच्या मते त्या इमारतीतली ती सर्वांत दयाळू गोष्ट होती. मात्र ती अमलात आणून घरी आल्यावर तिच्याच्याने बोलवत नसे.

जिवल्याला छातीचा संसर्ग झाला तेव्हा तिने घरीही तोच नियम लावला. मूळ वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक घट झाली, की थांबायचे. हे तिने जेवताना सगळ्यांना सांगितले होते. तिच्या नवऱ्याने, ज्ञानेशने, मान डोलावली आणि तो वीजकेंद्रातल्या पाळीवर निघून गेला. खंडेरावांनी विचारले होते,

"थांबायचं म्हणजे?"

"म्हणजे त्याला शांतपणे झोपवायचं, अण्णा."

भाकरीचा उरलेला तुकडा त्यांनी ताटातच ठेवला होता.

वजन रोज सकाळी होई. स्वयंपाकघरातल्या काट्याची शून्यावर आणणारी कळ बिघडलेली होती, म्हणून आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात फडके अंथरून अर्चनाने त्या डब्याचे वजन एकदाच घेतले होते. जिवल्याला त्यात ठेवायचे, आकडा वाचायचा, डब्याचे वजन वजा करायचे. फडके बदलण्याचे काम खंडेरावांकडे होते. ते दिवसभर घरीच असत.

आजारी पडल्यावर पहिल्या आठवड्यात वजन घसरले. मग ते थांबले, आणि मर्यादेच्या किंचित वर थांबूनच राहिले. स्वराला ती फोनवर सांगे, "टिकून आहे." औषधाची मात्रा ती त्या वजनावरूनच ठरवत होती.

आज मात्र औषध पाजताना तिच्या बोटाला त्याच्या पाठीचा एकेक मणका लागला होता. आकडा आणि प्राणी यांचे जुळत नव्हते. शिवाय आकडा फारच शहाण्यासारखा वागत होता. जिवंत प्राण्याचे वजन रोज थोडे इकडेतिकडे होते. इतके स्थिर वजन फक्त निर्जीव वस्तूंचे असते. हे तिला आधीच खटकायला हवे होते. प्राणिगृहात तिने दर वेळी रिकामा डबा आधी तोलला असता. घरी ती दमलेली असे.

रत्नाबाई गेल्यावर तिने जिवल्याला पिंजऱ्यात सोडले आणि काट्यावर लोण्याचे न फोडलेले पाकीट ठेवले. पाकिटावर छापलेलाच आकडा आला. काटा खरे बोलत होता. मग तिने रिकामा डबा ठेवला.

डबा जड होता.

तिने फडके उचलले. तळाशी काळी चिकटपट्टी लावलेली होती, कडा नखाने नीट दाबून बसवलेल्या. खाली ओळीने वायसर, मधे भोक असलेल्या लोखंडी चकत्या, होते. आधी लहान, मग त्याहून मोठे. शेवटचा चांगला रुंद आणि जाड. खंडेराव बोईसरच्या एका पोलाद कारखान्यात फिटर होते. निवृत्तीच्या वेळी आणलेला त्यांचा सुट्या भागांचा डबा अजून पलंगाखाली होता.

तिने पट्टी सोलली, वायसर टेबलावर ठेवले आणि जिवल्याला पुन्हा तोलले. तो मर्यादेच्या बराच खाली होता.

खंडेराव बशीत कुस्करलेले केळे घेऊन आले. टेबलावरचे लोखंड त्यांनी पाहिले आणि तरीही बशी डब्याशेजारी ठेवली. जिवल्या काठावर चढून त्यांच्या बोटाला लागलेले केळे चाटू लागला.

"अण्णा, हे तुमचे."

"व्हय."

"कधीपासून?"

"तू कामाला गेलीस की बघायचो. कमी भरलं की एक लावायचो."

"मी औषध वजनावर ठरवते. तुम्ही माझ्या हातून त्याला जास्त औषध पाजवलंत."

त्यांचे बोट थांबले. जिवल्याने ते पुढच्या पायांनी धरून ठेवले.

"ते ध्यानात न्हाई आलं."

"नियम त्याच्या भल्यासाठी आहे. त्याला त्रास होऊ नये म्हणून."

"ठाऊक हाय. म्हणून तर तुला न सांगता केलं. तुझा नियम तुला मोडायला लागू नये. अजून खातोय की तो. खाणाऱ्याला थांब कसं म्हणायचं?"

अर्चना खुर्चीवर बसली. खंडेरावांनी आज सदरा आत खोचला होता. पट्ट्याचे टोक बक्कलच्या पलीकडे लांब लोंबत होते आणि चामड्यात खिळ्याने पाडलेले नवे भोक होते. ते तिने पूर्वीही पाहिले होते. पट्टा जुना झाला, एवढेच तिला वाटले होते. खोकल्यासाठी ते दर महिन्याला डॉक्टरांकडे जात. वजन टिकले तर इथेच औषधावर पाहू, उतरले तर मुंबईला नेऊन फुप्फुसात नळी घालून तपासू, असे डॉक्टर म्हणाले होते. रंभाबाईंना, म्हणजे तिच्या सासूबाईंना, मुंबईलाच नेले होते. त्या परत आल्या त्या रुग्णवाहिकेतून, चादरीखाली. खंडेरावांचे वजन मात्र दर महिन्याला तेवढेच भरत होते आणि अर्चना त्यावर समाधानी होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "वजनाची रेघ सोडून देऊ. खाणं थांबलं की मग बघू. पण आजपासून वजन खरं. खोट्या आकड्यावर मला कुणासाठीच काही करता येत नाही."

खंडेरावांनी मान हलवली. मग ते आत गेले. पलंग करकरला, कपाटाचे दार वाजले. अर्चनाने कापूस भिजवून जिवल्याच्या डोळ्यांच्या कडा पुसल्या. कापूस लाल झाला. सिरिंजवर तिने नवी, कमी मात्रा मनाशी मोजली.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातावर राखाडी विजार होती. उद्या डॉक्टरांकडे जायचे म्हणून इस्त्री करून ठेवलेली. विजारीच्या उजव्या खिशातून त्यांनी रुमालाची घट्ट पुरचुंडी काढली आणि सोडली. आत तळहातभर मोठा नट होता. तो त्यांनी वायसरांशेजारी ठेवला. मग डाव्या खिशातून तसाच दुसरा.

जिवल्याने नाक पुढे करून लोखंडाचा वास घेतला आणि तो केळ्याकडे परतला.

अर्चनाने एक नट उचलून हातात तोलला. काटा समोरच होता. तिने तो बंद केला.

"अण्णा, केळं उरलंय का आत?"

"अर्धं हाय."

"ते तुम्ही खा," ती म्हणाली. "इथं बसून खा."