गिन्नीचे दोन वेढे

मित्रांनो, मी सोन्याची एक जुनी गिन्नी आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही.

ऑस्ट्रेलियात सोनं सापडल्याची बातमी फुटली तेव्हा माणसं घरदार सोडून तिकडं धावली. त्यांनी ओढे खणले, एकमेकांची डोकी फोडली. त्याच सोन्यातून सिडनीच्या टांकसाळीत माझा जन्म झाला. पुढं मी बोटीनं मुंबईला आले. गोदीत राबणाऱ्या एका माणसानं कमाई साठवून मला घेतलं आणि भोर तालुक्यात, कामथडीला आणलं.

तिथं मला खरं काम मिळालं. गावात बाळ जन्मलं की त्या गोदीवाल्याची नातसून रतनबाई मला त्या घरी धाडायची. आईच्या दुधात हळकुंड, वेखंड सहाणेवर उगाळत आणि दर रविवारी त्यात मला दोनदा गोल घासून माझे दोन वेढे देत. ज्या सोन्यानं बाळगुटी सुरू केली त्याच सोन्यानं दात येईपर्यंत द्यायची, मध्ये सोनं बदलायचं नाही, असा गावाचा नेम. माझी कड झिजत गेली. मला त्याचा अभिमान होता.

१९९८ साली मी गावातल्या रुकसानाकडे, तिच्या तान्ह्या मुलीसाठी होते. तिचा नवरा शाकिर हायवेला पंक्चर काढायचा. एका रविवारी पुण्याच्या एका नाणी जमवणाऱ्याची गाडी तिथं थांबली. दुकानामागं रुकसाना गुटी उगाळत बसली होती.

"अहो, काय करताय! सिडनीची गिन्नी दगडावर घासताय?" तो ओरडला.

"पोरीला गुटी देतेय. तुमी आपल्या टायराकडं बघा."

त्यानं शाकिरकडून माझी मालकीण कोण ते काढून घेतलं आणि तडक रतनबाईचं घर गाठलं. तिनं मला विकायला साफ नकार दिला. पण तिचा मुलगा हनुमंत त्याला सोडायला गाडीपर्यंत गेला. दोनच दिवसांनी "आईनं मागितलीया" असं खोटं सांगून त्यानं मला रुकसानाकडून नेलं आणि विकलं. त्या पैशांतून घेतलेली मोटारसायकल दारात उभी राहिली तेव्हा रतनबाईला सगळं कळलं.

पुण्यात मला मखमलीवर ठेवलं. पाहुणे आले की तो म्हणायचा, "दुर्मिळ आहे. पण खेडवळांनी कड बिघडवली."

बिघडवली! तीन पिढ्यांची लेकरं वाढली त्या कडेवर. मला तोंड असतं तर मी त्याला चावले असते.

पुढच्याच रविवारी दार वाजलं. हनुमंताकडून पत्ता काढून रतनबाई एसटीनं आली होती. मागं रुकसाना, कडेवर मुलगी.

"आजी, रीतसर व्यवहार झालाय. मी चोरी नाही केली."

"न्हाई क्येली. चोर माज्या घरात हाय, त्याचं म्या बघते. मला हातात तर घिऊंद्या."

त्यानं मला तिच्या तळव्यावर ठेवलं. रतनबाईनं त्याच्या गुळगुळीत फरशीवर बसकण मारली आणि पिशवीतून सहाण काढली.

"रुकसाना, दूध दे गं."

"आजी! किंमत जाईल तिची!"

"जाऊंद्या की. पोरीला दात यायचेत अजून. दर रविवारी येणार आमी. दार न्हाई उघडलं तर जिन्यात बसू, आन् कशापायी बसलोय ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगू."

"काकी, चहा बी हितंच घिऊ," रुकसाना म्हणाली.

त्या मुलीचे दात येईपर्यंत आल्या दोघी. तो दर वेळी तोंड वाकडं करून दार उघडायचा. मग नेम पुरा झाला, त्या यायच्या थांबल्या आणि मी कायमची काचेखाली गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जमवा. पण उचलण्याआधी विचारा, हिच्यावाचून कुणाचं काम अडणार आहे का? अडणार असेल तर तिला तिथंच झिजू द्या. कामथडीत आजही एखादं बाळ जन्मलं असेल, आणि मी इथं कुलपात पडून आहे, फुकटची चकाकत.