भोंग्याला बॉलपेनचा आकडा

पाकिस्तानशी लढाई जुंपली, तशी शेलूबाजारच्या कैलासचंद शेठजींच्या मनात एकच घोर लागून राहिला. विमानं आलीच, तर ती आपल्या गावावर येतील की नाही?

बॉम्ब पडावा अशी काही त्यांची इच्छा नव्हती. पण शत्रूनं नकाशा उघडावा आणि त्यात शेलूबाजार नसावंच, हेही त्यांच्या मनाला पटत नव्हतं. गावातून डांबरी सडक गेलेली, दर आठवड्याला बाजार भरणारा, कापसाच्या गाड्यांची रांग लागणारी. शेठजींचं स्वतःचं कापडाचं दुकान होतं, शिवाय व्यापारी मंडळाचे ते अध्यक्ष. गिऱ्हाइकाला लुगडं दाखवता दाखवता ते सांगायचे, "सडकीवर टाकतीन, नाईतर कापसावर टाकतीन. आसेगाववर कायले टाकतीन? तिथं हाये काय?"

ही गोष्ट आसेगावला पोचायला वेळ लागला नाही. तिथला भिवाजी बाजाराला आला आणि दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "शेठजी, आमचं गाव एवढंही काई पडीक नाई. तुमच्यावर दोन पडले तर आमच्यावर एक तरी पडनच."

तेव्हापासून शेठजींनी मनावर घेतलं. मोठ्या शहरात विमानं यायच्या आधी भोंगे वाजतात, हे ते रेडिओवर ऐकत होतेच. मंडळानं एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातून विजेवरचा जुना भोंगा पैदा केला आणि शेठजींच्याच दुकानाच्या माळ्यावर, टिनाचं छप्पर आणि भिंत यांच्या सांदीत बसवला. त्याचा खटका खाली गादीजवळ. दुकानापुढं नाल्याही खोदून घेतल्या. शेठजींनी गावाला दोनदा गोळा करून कायदा समजावला. भोंगा वाजला की नालीत उताणं नाही, पालथं पडायचं. आणि दुसरा भोंगा होईपर्यंत कोणी मुंडकं वर काढायचं नाही.

मग भोंगा वाजवून दाखवतो, या, असा मंगरूळपीरच्या एका सरकारी साहेबांना निरोप गेला. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी येतो, म्हणून साहेबांनी कळवलं. त्या दिवशी सकाळी शेठजींनी सहज म्हणून खटका दाबला. भोंगा मुका.

पुन्हा दाबला. मुनीम रामधननं दाबून पाहिला. मंडळाचे सेक्रेटरी फुलचंद यांनी चष्मा पुसून दाबला. भोंगा काही बोलेना. शेवटी मोटार स्टँडवरच्या वहाबला बोलावणं गेलं.

वहाब रेडिओ, बॅटऱ्या आणि मोटारपंपांचे स्टार्टर दुरुस्त करायचा. त्याचा हात बरा होता, पण जीभ हाताच्या चार पावलं पुढं चालायची. माळ्यावर चढून त्यानं सांदीत डोकावलं आणि वरूनच भाषण सुरू केलं. "शेठजी, कोन्या गाढवानं बसवला हा? याचे स्क्रू भिंतीकडं! दोन बोटंही जात नाई. बल्ब लावून पाहा लागन, वायर कुठं मेली ते. पन धराव कसं? हात घातला अन् खालून खटका दाबला, तर भोंग्याच्या आधी मीच वाजन!"

"मंग काई युक्ती कर ना," शेठजी म्हणाले.

"युक्तीचंच खातो मी. धरून ठेवनारा चिमटा पाह्यजे. सोडला की आपल्या आपन पकडला पाह्यजे, अन् बाजूच्या पत्र्याले लागला नाई पाह्यजे."

आधी कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा आला. वहाबनं त्याच्या तोंडाला तांब्याची तार गुंडाळली. चिमटा सांदीत शिरला, पण तिथं त्याचा आ वासेना. मग शेठाणींच्या, सूरजबाईंच्या केसांची पीन आली. ती बारीक होती, आत गेली, सांदीतल्याच विजेच्या डब्बीच्या स्क्रूला चिकटलीही. वहाब ओरडला, "दाबा!" रामधननं खटका दाबला. पीन पत्र्याला टेकलेली होती. माळ्यावर निळा लखलखाट झाला, खाली फ्यूज उडाला, आणि वहाब शिडीवरून तीन पायऱ्या एकदम उतरला.

"पाह्यलं?" तो घाम पुसत म्हणाला. "हेच मी म्हनत होतो."

सूरजबाई आतून म्हणाल्या, "म्हनत होतास तर लावली कायले? माह्यी पीन जळली ना!"

वहाब खाली बसून विचार करू लागला. विचार करता करता त्याची नजर शेठजींच्या खिशावर गेली आणि तिथंच थांबली. शेठजींच्या लक्षात आलं तसा त्यांचा हात आपोआप छातीकडं गेला. खिशाला बॉलपेन होतं. इंदूरच्या जावयानं दिलेलं, डोक्यावर दाबलं की टोक बाहेर येणारं. पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाकडं तसं नव्हतं, निदान शेठजींची तशी समजूत होती. सही करायची नसली तरी ते दिवसातून वीस वेळा टकटक करायचे.

"यात स्प्रिंग हाये," वहाब म्हणाला. "वरून पिलॅस्टिक. करंट लागत नाई. कांडी काढतो, सायकलच्या आऱ्याचा आकडा करून घालतो. दाबला की आकडा बाहेर, सोडला की आत. स्क्रूले असा आवळून धरन की विचारू नोका!"

"दुसरं काई नाई चालत?"

"चालते ना. साहेबांले सांगा, भोंगा पुढच्या लढाईले वाजन."

मंडळाचे लोक पाहत होते. शेठजींनी पेन काढलं, एकदा शेवटचं टकटक केलं आणि दिलं. "देशापुढं पेन काय चीज हाये!" असं ते मोठ्यानं म्हणाले. आवाज थोडा चिरकला. त्यावर वहाब म्हणाला की वायरीला दोन टोकं असतात, म्हणून पेनंही दोन लागतील. फुलचंद तोवर पायरीपर्यंत पोचले होते. शेठजींनी त्यांना हाक मारून परत आणलं. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात अगदी तसंच पेन निघालं. शेठजींना पेन गेल्याचं जेवढं दुःख झालं नव्हतं, तेवढं हे पाहून झालं.

वहाबनं खरोखर कमाल केली. दोन्ही पेनांतला अडकून राहणारा खटका काढला, आकडे वळवून घातले, मागून वायर डाखली. सांदीत पेन घुसवायचं, डोकं दाबायचं, आकडा स्क्रूवर टाकायचा, सोडायचं. पेनं गोचिडासारखी चिकटून राहिली. दुसरं टोक हलवत हलवत त्यानं बल्ब लावून पाहिला आणि शोध लागला. माळ्यावरच्या डब्बीपर्यंत वीज येत होती, तिथून भोंग्यापर्यंतची वायर भिंतीच्या आत उंदरांनी खाल्ली होती.

"भोंगा उतरवा लागन. उद्याचं काम हाये," वहाब म्हणाला.

सडकेवर जीपचा हॉर्न वाजला. साहेब आले होते.

"आजचं काय?" शेठजींचं तोंड पडलं.

"आजचं करतो ना! एक पेन डब्बीले, एक पेन भोंग्याले. मधातली वायर गेली भाडमें." वहाब पुन्हा वर चढला. घाई झाली होती, माळ्यावर उजेड कमी होता. डब्बीत शेजारी शेजारी दोन स्क्रू होते. एकात खटका दाबल्यावर वीज यायची, दुसऱ्यात कायमचीच असायची. वहाबचा आकडा दुसऱ्यात बसला.

खाली साहेबांच्या गळ्यात हार पडत होता. शेठजींचा हात खटक्यापर्यंत गेलाही नव्हता, तोच भोंग्यानं तोंड उघडलं.

बाजारात एकच धांदल उडाली. टोपल्या सांडल्या, बैल दावी तोडून सडकेनं निघाले. पण गाव शिकवलेलं होतं. बघता बघता माणसं नाल्यांत पालथी पडली, साहेबही हारासकट पडले. शेठजींचा ऊर भरून आला. त्यांनी मोठ्या दिमाखात खटका बंद केला. भोंगा वाजतच राहिला. चालू केला, बंद केला, फरक नाही.

वर जायला वहाब तयार होईना. कानात बोटं घालून तो शिडीखाली उभा होता. आकडा तापून पेनाचं प्लॅस्टिक वितळायला लागलं होतं, त्याचा वास खालपर्यंत येत होता. तेवढ्यात रामधन शेठजींच्या कानाशी ओरडला, "शेठजी, रेडिओवर काईतरी खास सांगून राह्यले!"

गादीमागचा मोठा रेडिओ चालू होता. शेठजींनी त्याला कान लावला. निवेदक घाईघाईनं बोलत होता, पण भोंग्यापुढं त्याचं अक्षरही कळेना. फक्त "ढाका" एवढं ऐकू आलं.

"फ्यूज काढ!" शेठजी ओरडले.

रामधननं फ्यूज काढला. भोंगा एकदम गप्प झाला. रेडिओही गप्प झाला. दोघांची वीज एकच होती.

"लाव! लाव!" फ्यूज लावला, पण रेडिओ तापून बोलता व्हायच्या आधी भोंगा किंचाळायला लागला. पुन्हा काढला. शेवटी वहाबनं वर जाऊन पेनं ओढली, तर ती हातात गूळ यावा तशी आली. तारही सोबत तुटली, आणि दुकानाची वीजच गेली. गाव नाल्यांत पडूनच होतं. मधे थांबून वाजला तो पहिलाच भोंगा असं सगळे समजले, दुसरा भोंगा झाला नव्हता ना! शेठजी पायरीवरून "उठा, उठा" म्हणत होते, पण त्यांनीच कायदा इतका घोटून घेतला होता की कोणी मान वर करेना. एक म्हातारा तर नालीतून म्हणाला, "शेठजी, तुमीही पडा. कायले जीव देता?"

बऱ्याच वेळानं सडकेवर सायकलींच्या घंट्या वाजल्या. आसेगावची पोरं येत होती, पुढं भिवाजी, सगळे गुलालानं लाल. भिवाजी सायकल टेकवून नाल्यांकडं पाहतच राहिला.

"काहून पडून राह्यले तुमी? लढाई सरली ना बाप्पा! ढाक्यात त्यांच्या फौजेनं हात वर केले. आमी तर पानठेल्यावरच्या रेडिओवर ऐकलं."

नाल्यांतून माणसं उठली. एकाएकी नाचणं सुरू झालं. साहेबांनी धोतर झटकावं तशी पँट झटकली आणि हसून शेठजींशी हात मिळवला. वहाब तोवर चार लोकांना जमवून सांगत होता की भोंगा एवढा जोरात गावात आजवर वाजलाच नव्हता. भिवाजीनं शेठजींच्या डोक्यावर मूठभर गुलाल टाकला आणि त्यांना मिठी मारली.

शेठजी घरात आले तेव्हा सूरजबाई ताट वाढून बसल्या होत्या आणि ताट झाकलेलं होतं. दिवस बुडाला होता. जैन नेमाप्रमाणं दिवस बुडल्यावर शेठजी पाण्याचा थेंबही घेत नसत. बाहेर जिलेबीची कढई चढली होती, तिचा वास थेट ओसरीत येत होता.

"जिंकलो ना आपन?" सूरजबाईंनी विचारलं.

"जिंकलो."

"मंग तोंड काहून असं करून राह्यले?"

शेठजींनी डोक्यावरचा गुलाल झटकला. लढाई सुरू झाली आणि संपलीही, आणि गावावरून एक विमानसुद्धा गेलं नाही, हे बायकोला सांगण्यासारखं नव्हतं.

"कान दुखून राह्यला," ते म्हणाले आणि उपाशीपोटी भिंतीकडं तोंड करून पडले.